सात तबकं, आठ पोरी

थोआनबाईंना प्रवासाची मुळीच हौस नव्हती. उत्तरेकडच्या नाम दिन्हमधल्या एका सूतगिरणीत त्यांनी तीस वर्षं मुकादमी केली होती. बाकीच्या देशाबद्दलचं त्यांचं मत घरबसल्या तयार होतं. जाऊन नाकं मुरडायची तेवढी बाकी होती.

ती वेळ मुलाच्या साखरपुड्यानं आणली. चिएन बोटींची इंजिनं दुरुस्त करायला म्हणून थेट दक्षिणेला, कान थो शहरात गेला आणि तिथलीच पोरगी पसंत करून बसला. मुलीकडे न्यायची तबकं थोआनबाईंनी भरली सात. उत्तरेत तबकं विषमच न्यायची. सम आकडा म्हणजे हिशेब मिटला, विषम म्हणजे संसाराला वाढायला जागा. सुपारीचा घड चेंगरू नये म्हणून गाडीत त्याला बर्थ मिळाला. नवरा, खिएम, बाकावर बसून आले.

दीड दिवस गाडी देश दाखवत होती आणि थोआनबाई तो नापास करत होत्या. विन्हला बुळबुळीत ईलमाशाची पेज विकायला आली. "हे खातात? म्हणूनच माणसं अशी हातातून निसटतात." ह्युएला समोरची बाई मिरच्या चावत डोळे पुसत होती. "राजधानी होती म्हणे इथे. राजाही रडतच जेवत असेल." डा नांगच्या अलीकडे डोंगराखाली समुद्र पसरला, तर "एवढं पाणी, आणि एक माणूस कामाला लागलेला दिसत नाही." आणखी खाली ड्रॅगनफ्रूटच्या बागा लागल्या. "निवडुंगाला फळं! इथलं झाडसुद्धा सरळ वागत नाही."

"छान दिसतंय गं," खिएम म्हणाले.

"तुम्हाला काय, तुम्हाला गिरणीचा भोंगाही छान वाटायचा!"

सायगावला गाडी सोडून बसनं त्यांनी कान थो गाठलं. तिथे कालव्याकाठच्या घराच्या दारात तबकं घ्यायला मुली ओळीनं उभ्या होत्या. रीतीप्रमाणे चिएनच्या एकेका मित्रानं समोरच्या मुलीच्या हातात तबक दिलं. शेवटची मुलगी हात पुढे करून तशीच राहिली. पोरी होत्या आठ.

मुलीचे वडील पुढे आले. त्यांना सगळे पाचवे काका म्हणत. "विहीणबाई, एक तबक गाडीत राहिलं वाटतं?"

"काही राहिलं नाही. सातच आहेत."

"सात? म्हणजे एक एकटं पडणार. आमच्याकडे जोडीनं आणतात. एकटी पडायला आम्ही मुलगी वाढवलेली नाही."

"आणि आठ म्हणजे वाढ खुंटली! माझ्या मुलाचा संसार उंबऱ्यातच संपवायचा?"

"पण चिएन तर आठ म्हणाला होता!"

सगळ्यांनी चिएनकडे पाहिलं. चिएननं आपल्या बुटांकडे पाहिलं. आईला सात, सासऱ्यांना आठ, असं सांगून तो मोकळा झाला होता. गर्दीत कोण मोजत बसतंय! पण एकीनं तीस वर्षं गिरणीत सुताच्या चात्या मोजल्या होत्या आणि दुसऱ्यानं जन्मभर नारळ.

"एक बाजूला ठेवा. सहा चालतील," नवरीची एक आत्या म्हणाली.

"अठराशे किलोमीटर मांडीवर आणलंय मी ते!"

"मग एक आम्ही वाढवतो. बागेतले पेरू आहेत," पाचवे काका म्हणाले.

"तुमचे पेरू, माझ्या तबकांत? आणि मोजायला तुम्ही शिकवणार? घरातल्या थोरल्याला 'दुसरा' म्हणता तुम्ही! तुम्ही पाचवे, आणि जन्मलात चौथे! ज्यांना एकपासून सुरुवात करता येत नाही..."

पाचव्या काकांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "जमत नसेल तर उचला ती सुपारी. सायगावची बस दुपारी आहे."

रिकाम्या हातांची मुलगी रडायला लागली; भर साखरपुड्यात रिकामी राहिलेली पोर, आता हिला कोण विचारणार?

तेवढ्यात पडदा सारून नवरी, लाय, बाहेर आली. नवऱ्यानं आत जाऊन आणल्याशिवाय नवरीनं तोंड दाखवायचं नसतं. ती तरातरा आली, सातव्या तबकावरचं लाल फडकं ओढून तिनं डोक्यावर घेतलं आणि रडणाऱ्या मुलीसमोर मांडी घालून बसली. "धर माझे खांदे. बाबा, आता मोजा. आठ."

"बोलावल्याशिवाय आलीसच कशी?"

"बोलवेपर्यंत तुम्ही दोघांनी लग्न मोडून टाकलं असतं." मग ती थोआनबाईंकडे वळली. "आई, तुम्हीही मोजा. मी काही तुमच्या गाडीतून आले नाही. तुमची सातच."

थोआनबाईंनी मोजलं. दोनदा. चूक सापडेना. गिरणीत त्यांना असं उत्तर देणारी एकच बाई होती. तिची पाळी त्यांनी तीनदा बदलली होती, आणि निवृत्त होताना मुकादमीसाठी तिचंच नाव दिलं होतं.

आत्यानं चिएनच्या खिशातून कर्णफुलांची डबी काढून त्यांच्या हातात कोंबली. "आमच्याकडे सुनेच्या कानात सासूच घालते."

थोआनबाई गुडघे टेकून खाली बसल्या आणि पहिलं कर्णफूल घालताना सुनेच्या कानाशी पुटपुटल्या, "जीभ फार लांब आहे तुझी."

"तुमच्याएवढी व्हायला वेळ लागेल, आई."

दुसरं कर्णफूल त्यांनी जरा जोरातच अडकवलं.