हाताने बसवलेलं शून्य

शहापूरजवळच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, ही आमची रीत. पडद्यावर प्रत्येक तारेची एक हिरवी रेघ धावते: खाली असली तर शून्य, वर असली तर एक. तारेवर नेमकं काय आहे हे सॉफ्टवेअरला ठरवता आलं नाही, की रेघ लाल होते आणि तिथे X उमटतो. X पुसू नका, तो कुठून आला ते शोधा, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते.

मुरबाडकडून येणारी एक मुलगी पाण्याच्या टाकीचं सर्किट करत होती. टाकी भरली की पंप बंद. कल्याणच्या एका छोट्या कंपनीने तिला घ्यायचं कबूल केलं होतं. फक्त प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत पास व्हायला हवं होतं. आदल्या दिवशी तिची लाल रेघ काही हटेना.

"मॅडम, सकाळी येऊन बघते. आता बस जाईल," म्हणत ती पळाली.

तेवढ्यात प्राचार्य लॅब बघायला येत असल्याचा निरोप आला. मला सगळे पडदे हिरवे हवे होते. तिच्या फाइलमध्ये मी एक ओळ घातली: सुरुवातीला या तारेवर शून्य धर. याला आम्ही फोर्स करणं म्हणतो. रेघ हिरवी झाली. प्राचार्य खूश होऊन गेले, मी पुढच्या कामाला लागले, आणि ती ओळ तशीच राहिली.

सकाळी तिने फाइल चालवली.

"मॅडम, चाललं! काल जाताजाता एक बदल केलेला, तोच लागू पडला." ती फोन घेऊन बाहेर धावली. ती परत येईपर्यंत परीक्षक दारात उभे होते. त्या ओळीचं सांगायचं सोडून मी त्यांना खुर्ची दिली.

परीक्षकांनी रेघा पाहिल्या. "आता फक्त सर्किट नव्या फाइलमध्ये घे आणि पहिल्यापासून चालव." तिने चालवलं; माझी ओळ त्यात आली नव्हती. लाल.

"मघाशी काय रंग दिला होता?"

"खरंच चालत होतं सर," ती रडवेली झाली.

"सर, ते शून्य मी बसवलं होतं," मी म्हणाले. "तिला माहीत नाही."

"मग परीक्षा तुमची घेऊ का, मॅडम?" ते तिच्याकडे वळले. "माझा चहा होईपर्यंत X कुठून आला ते शोध."

कप अर्धा व्हायच्या आत तिला सापडलं. "वीज आल्यावर पंप चालू की बंद, ते मी सांगितलंच नाय सर." वीज येताच पंप आधी बंद ठेवणारा रीसेट तिने जोडला. रेघ हिरवी झाली. ती पास झाली.

नंतर ती दप्तर भरत असताना मी जवळ गेले.

"सकाळीच सांगायचं ना, मॅडम. मी पप्पांना फोन करून सांगितलं, माझं मीच सोडवलं म्हणून."

"शेवटी तूच सोडवलंस की."

"ते वेगळं."

नोकरी लागल्यावर ती पेढे घेऊन आली. सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला. माझा टेबलावर ठेवला.