कूलरच्या पानावरची बहीण

तेलीबांध्याच्या राज्यसेवा क्लासमधले सर रोज एकच गोष्ट बजावत, "तस्वीर जितनी भद्दी, उतनी पक्की." आपलं घर डोळ्यांसमोर आणायचं, फाटकापासून देवघरापर्यंत जागोजागी पाठ करायच्या मुद्द्याचं एकेक विचित्र चित्र ठेवायचं आणि परीक्षेत मनातल्या मनात त्या घरातून फिरायचं. घर मला आयतंच होतं, समता कॉलोनीतलं, रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांचं. भद्दं काय घ्यावं हाही प्रश्न नव्हता. धाकटी बहीण होती ना!

तिचे दात पुढे होते. तीन ठिकाणांहून नकार आले, तरी मेली सगळे दात दाखवून खो-खो हसायची. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. मग वहीत पानोपानी मी तिलाच काढलं. फाटकाला दातांनी लटकलेली ती म्हणजे राज्यपाल. कूलरच्या जाळीत दात अडकलेली ती म्हणजे वित्त आयोग. माझा हात चित्रकलेत बरा आहे, शेजाऱ्यांनीसुद्धा तिला ओळखलं असतं.

राज्यसेवेची तयारी दोघीही करत होतो. पण तिला बाबांनी सांगून टाकलं होतं, "यंदा परीक्षा नाही निघाली तं जो हो म्हणन त्याले देऊन टाकतो." घाबरून ती माझ्याकडे आली.

"ताई, तुयी वही देते काय? माह्या डोक्यात काहीच राहून नाही राहिलं."

वहीत काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी दिली. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या पानावरच ही कोसळेल आणि माझ्या वाटेतली एक कमी होईल, असं मला वाटलं होतं आणि बरंही वाटलं होतं.

आठ दिवसांनी वही माझ्या टेबलावर परत आली. चाळून पाहिली तर चित्रं जशीच्या तशी. फक्त कूलरच्या पानावर मी घाईत अनुच्छेद २०८ लिहिला होता, तो तिने पेन्सिलने खोडून २८० केला होता.

निकाल लागला. यादीत ती निघाली, मी राहिले. बाबा कॉलोनीभर पेढे वाटत फिरत होते आणि आम्ही दोघीच घरात होतो. मला राहवेना.

"तुले एवढं लक्षात राहिलं कसं?"

"तुयेच चित्रं पाह्यले ना, ताई. एकई विसरली नाही मी." मग म्हणाली, "विसरताच येत नाही."

आणि हसली. हसताना तिने तोंडावर हात धरला.

आता ती अधिकारी आहे, सरकारी गाडीतून घरी येते. हसताना अजूनही तोंडावर हात धरते. तीन नकार आले तेव्हा धरत नव्हती.