व्याह्यांच्या पँटींना कुलूप

नाशिकच्या सबंध सिडकोत माझ्याइतका पक्का खोडकर म्हातारा शोधून दाखवा, चहा माझ्याकडून! माझी खोडी आजवर कुणाला पकडता आलेली नाही. म्हणजे तशी कुणाला गरजच पडत नाही. दर वेळी मी स्वतःच तिच्यात सापडतो. घ्या, बशीत ओता, आणि ऐका, परवा परवा मी आपल्याच हाताने आपलं कसं वाटोळं करून घेतलं ते.

आमचे व्याही आले होते. सुनेचे वडील. ती त्यांना अण्णा म्हणते. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. उंच, सडपातळ, आणि बोलणं एवढं मोजकं की जणू प्रत्येक शब्दाला तिकीट लागतं! आता मीही काही कमी नाही बरं का. सातवी नापास असलो तरी सातपूरला कारखान्यात लेथवर आयुष्य घातलंय. पण घरात त्याचं कुणाला काय?

व्याही आठवडाभर राहिले, आणि त्या आठवड्यात माझ्याच घरात मी पाहुणा झालो.

आल्या आल्या त्यांनी कुरकुरणारं दार गप्प केलं. मग कुकरची शिट्टी. मग तो पंखा, जो मी ‘उद्या बघतो’ म्हणत दोन उन्हाळे तसाच टांगून ठेवला होता. झालं! आमच्या हिला आयतं कोलीत मिळालं.

“जरा व्याह्यांकडे बघा! उठल्याबरोबर चादरीची घडी स्वतः घालतात. नाहीतर तुम्ही! तुमची चादर उचलायला जावं तर आत तुम्हीच असता!”

आल्याचा चहा आधी त्यांना. खरपूस भाकरी त्यांना. आणि गॅलरीतली माझी खुर्ची, जिच्यावर बसून मी खालून जाणाऱ्या प्रत्येकाची टर उडवतो, तीही त्यांना! मी आपला स्टुलावर. सांगतो तुम्हाला, घरात सवत आली तरी एखाद्या बाईचा एवढा जळफळाट होत नसेल.

शेवटी सुटकेचा दिवस उजाडला. व्याह्यांचं दुपारच्या गाडीचं तिकीट होतं. मी सकाळपासून शीळ घालत हिंडत होतो. पण या माणसाला असंच कसं जाऊ द्यायचं? जाण्याआधी एकदा तरी त्यांचं नाक खाली झालं पाहिजे! एकदाच, फक्त एकदाच, आमच्या हिने माझ्याकडे कौतुकाने बघून “अहो, काय डोकं आहे तुमचं!” असं म्हणावं. म्हणते ती अजूनही, पण कौतुकाने नाही.

आणि संधी आपल्या पायांनी चालत आली. अंगावरची आणि पिशवीतली, अशा दोन्ही पँटी व्याह्यांनी मशीनला लावल्या. “या उन्हात लगेच वाळतील,” म्हणाले, आणि माझी लुंगी गुंडाळून पेपर वाचत बसले. माझ्या खुर्चीवर, अर्थातच.

आमचं मशीन म्हणजे ते पुढून गोल दाराचं. त्याला एक बटण आहे, लहान मुलांनी चाळे करू नयेत म्हणून. ते दाबून धरलं की बाकीची सगळी बटणं मुकी होतात आणि धुणं संपलं तरी दार उघडत नाही. माझ्या पोराने मला ते मुद्दाम दाखवून ठेवलं होतं. म्हणाला, “बाबा, हे घेतलंय ते खास तुमच्यासाठी.”

इकडे तिकडे पाहिलं. कुणी नाही. दिलं दाबून!

बेत कसा साधा होता, बघा. मशीन थांबणार, व्याही दार ओढणार, ओढून ओढून थकणार. मग मी येणार, बटण दाबणार, दार खट्कन उघडणार. टाळ्या!

मशीन थांबलं. व्याही उठले, दार ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं.

“उघडत नाही,” ते म्हणाले.

“असं कसं? तुम्ही तर रेल्वेवाले! हे तर साधं चड्डी-बनियनचं मशीन!”

व्याह्यांनी वाकून पाहिलं, दाराला कान लावला. “लॉक बिघडलं असावं.”

मनातल्या मनात मी तिथेच फुगडी घातली! “सरका बाजूला, व्याहीबुवा. हे सातपूरच्या माणसाचं काम आहे.”

“अहो, तुम्ही हात लावू नका!” आमची ही ओरडली.

“तू नुसती बघ गं!”

मी बाह्या सरसावल्या, मशीनला नमस्कार केला, काचेवर दोन टिचक्या मारल्या. उगाच हो, बघणाऱ्याला वाटावं की यात काही विद्या आहे! मग बटण दाबून धरलं आणि दार ओढलं. ढिम्म!

आता ते बटण दाबल्यावर दार सुटायला जरा वेळ लागतो, गप उभं राहायचं असतं, हे मला मागून कळलं. त्या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. मला कुठला धीर? मी शेजारचं बटण दाबलं. मग त्याच्या शेजारचं. मग हाताला येईल ते! दिवे लुकलुकले, टुंग टुंग वाजलं, आणि आत धो धो पाणी सुरू. धुतलेल्या पँटी पुन्हा धुवायला लागलं की हो ते!

मी घाबरून प्लगच उपटला. मशीन जागच्या जागी गार. अर्धं पाण्याने भरलेलं, दार घट्ट. आता विद्या संपली होती, ताकद उरली होती. एक पाय मशीनला लावला आणि सगळा जोर काढून ओढलं.

कट्कन आवाज झाला. हँडल माझ्या हातात, आणि दार होतं तिथेच.

काचेच्या आत व्याह्यांच्या पँटी संथपणे तरंगत होत्या.

“झालं तुमचं सातपूर?” आमची ही म्हणाली.

तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसराच दिवा लागला. अरे, पँटी आत, तर माणूस जाणार कसा? मी धावत जाऊन माझी पँट आणली. व्याह्यांनी घातली. कमरेत आणखी एक व्याही मावेल एवढी सैल, आणि लांबीला पोटरीवरच संपलेली! पोराची तंग जीन्स आणली, तर ती मांडीवर चढेना.

“मग लुंगीवरच निघा की! प्रवासाला चांगली हवेशीर!”

“मनमाड स्टेशनात मला कुत्रीसुद्धा ओळखतात,” व्याही शांतपणे म्हणाले. “लुंगीवर उतरू?”

कंपनीला फोन लावला. मेकॅनिक परवा येईल म्हणाले. गाडी निघून गेली, व्याही राहिले.

आणि खरी गंमत पुढेच आहे. सुनेने मला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं.

“बाबा, ते बटण तुम्ही दाबलंत ना? मी इथून पाहिलं.”

आता ही बापाला सांगणार, नवऱ्याला सांगणार, माझी वरात निघणार! तर बघतो तो पोरीच्या डोळ्यांत पाणी.

“अण्णांनी जाऊ नये म्हणूनच ना?”

तुम्हाला आपली रीत ठाऊक आहेच. लाडका पाहुणा निघाला की कुणी त्याची पिशवी लपवतं, कुणी चप्पल माळ्यावर टाकतं. माझ्या आईने एकदा मामाची टोपी पिठाच्या डब्यात घातली होती. त्या मायाळू माणसांच्या पंगतीत सुनेने मला नेऊन बसवलं! आता मी काय म्हणणार? “नाही गं पोरी, तुझा बाप मला डोळ्यांसमोर नको होता”? मी आपली मान हलवली.

तिथेच मेलो!

सुनेने सासूला सांगितलं, सासूने पोराला, आणि पोराने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं. खाली गेलो तर लोक पाठ थोपटायला लागले. “व्याही असावेत तर असे!” आमची ही तर माझ्याकडे अशी बघत होती की लग्नातसुद्धा तिने तसं बघितलं नव्हतं.

“एवढी माया पोटात होती, तर मग आठवडाभर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला केलं होतंत?”

“अगं, ते... जातील या दुःखाने.”

म्हटलं, चला, निदान आता आल्याचा चहा आधी मला मिळेल. छे! “तुम्हीच हौसेने ठेवून घेतलंय ना? मग पाहुण्यांना आधी नको का?” रात्री माझी गादीही त्यांना गेली. वर सुनेने जाहीर केलं, “अण्णा, बाबांची एवढी इच्छा आहे, तर आता महिनाभर राहाच!”

महिनाभर! मी सतरंजीवर पडून पंखा बघत राहिलो. त्यांनीच दुरुस्त केलेला. काय सुरेख फिरत होता मेला!

सकाळी व्याही गॅलरीत माझ्या खुर्चीवर, माझ्या लुंगीत, माझ्या कपाने चहा पीत बसलेले. मी स्टुलावर. मला राहवेना. बायका आत गेल्या, तसा मी पुढे सरकून बोललो, “व्याहीबुवा, खरं सांगतो, राग मानू नका. ते बटण मी मायेबियेने नव्हतं दाबलं. जळत होतो हो तुमच्यावर!”

व्याह्यांनी कप बशीत ठेवला. आत एक नजर टाकली. आणि मग तो मुखदुर्बळ माणूस आठवड्याचं सगळं बोलणं एकदम बोलला.

“ठाऊक आहे मला. काल दुपारी तुम्ही घोरत होतात, तेव्हा मी मशीनचं खालचं झाकण काढलं, पाणी सोडलं, तिथली पट्टी ओढली. दार उघडलं. पँटी पाहिल्या, परत आत टाकल्या, दार लावून घेतलं. मनमाडला जाऊन करू काय, व्याहीबुवा? तिथे आमची ही उठल्यापासून एकच धोशा लावते, ‘नाशिकचे व्याही बघा, किती हसतमुख, किती गोड! नाहीतर तुम्ही!’ कान किटले माझे. म्हटलं, जाऊन बघावं तरी या माणसात असं आहे काय! आठवडा झाला शोधतोय, अजून काही सापडलं नाही. सापडेपर्यंत राहतो.”