दोन तळांची बोट

ती बोट अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. पांढरी, फायबरची, खाली एकाऐवजी दोन अरुंद तळ आणि त्यांच्यामध्ये कुत्रं आरपार जाईल एवढी पोकळी. जुहूच्या वाळूवर ती पालथी पडली होती आणि कडेनं उभे राहून लोक भेळ खात तिच्याकडे बघत होते.

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यांतल्या काहींबद्दल चारचौघांत बोललो, सत्कारही घेतले. या प्रकरणाचा तपास शेवटी बरोबर निघाला, खरा दोषी सापडला, तरी त्याबद्दल मी घरातही कधी बोललो नाही. आता बोलतो. नावं कुणाचीच लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राला लागून हद्द असलेल्या ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. खाडीपलीकडे, मढच्या अंगाला, किनाऱ्यावर एक नवं हॉटेल निघालं होतं. रस्त्यानं जायचं तर मालाडवरून मोठा वळसा. म्हणून पाहुणे आणि सामान वर्सोव्याच्या धक्क्यावरून बोटीनं जायचं. हॉटेलकडे इंजिनच्या दोन बोटी होत्या. जुनीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, मधोमध धार असलेला. नवी ही दोन तळांची, जिला कॅटमरान म्हणतात. नव्या बोटीवर सगळे खूश. जुनी धक्क्याला उभी असली तरी डुलायची, पाहुण्या बायका चढताना किंचाळायच्या. नवी मात्र टेबलासारखी स्थिर. तीत बसून चहा प्यायला तरी सांडत नाही, असं मॅनेजर सांगायचा.

दोन्ही बोटी चालवणारा तांडेल मढजवळच्या ख्रिस्ती गावातला. त्याच्या हाताखाली खलाशी म्हणून त्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, पण समुद्र अजून खवळलेलाच होता. हॉटेलनं हंगाम लवकर सुरू केला. एका दुपारी दोघं नवी बोट घेऊन हॉटेलकडून धक्क्याकडे परतत होते. पाहुणे नव्हते. खाडीच्या तोंडाशी बोट उलटली. तांडेल पोहत किनाऱ्याला लागला. मेहुण्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी जुहूला मिळालं, बोटीपासून थोड्याच अंतरावर.

आम्ही अपघाती मृत्यूची नोंद केली. इनक्वेस्ट, पोस्टमॉर्टेम, नातेवाईकांचे जबाब, सगळं रीतसर. कागद मिटण्याच्या बेतात असताना माझ्याकडे खबर आली. वर्सोव्याच्या एका गुत्त्यावर उठबस असलेला माझा खबरी सांगून गेला, की त्या दिवशी तांडेल दुपारीच टाकून होता, मेहुण्याशी त्याची बाचाबाची झाली होती आणि तसाच तो बोट भरधाव घेऊन निघाला.

मी वरिष्ठांना कळवलं. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलम ३०४-अ आणि बेदरकारपणे जलयान चालवण्याचं कलम २८० लावून गुन्हा दाखल झाला. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे तांडेल जामिनावर सुटला, पण मी त्याला रोज सकाळी हजेरीला बोलावू लागलो. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक लाकडी बाक होता. त्यावर तो बसून राहायचा. मधेच मी बोलवायचो, तेच प्रश्न पुन्हा विचारायचो.

त्याची उत्तरं बदलत नव्हती. प्यायलो नव्हतो. भांडण झालं नव्हतं. बोट हळूच आणत होतो. "पुढं जनरेटर बांधला होता साहेब, मोठा. दुरुस्तीला न्यायचा होता. मागून लाट आली, नाकाडावर गेली ती गेलीच." आवाज एकसारखा. हात थरथरत नव्हते, डोळ्यांत पाणी नव्हतं.

मी हॉटेलवर गेलो. मॅनेजरनं बसायला खुर्ची दिली. बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. अंत्यविधीला तो स्वतः गेला होता, घरच्यांना मदतही केली होती. जनरेटरचं विचारलं तर तो मला खिडकीशी घेऊन गेला. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर धडधडत होता. "हा काय साहेब. आमच्याकडे एकच आहे. समुद्रात गेला असता तर पंखे फिरले असते का?" म्हणाला. वर हेही सांगितलं, की नवी बोट जुनीच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे. ती अशी उलटत नाही, कुणीतरी उलटवावी लागते.

मला ते पटलं. रुंद वस्तू सहज कलंडत नाही, एवढं कुणालाही कळतं. शिवाय जनरेटर मी डोळ्यांनी पाहिला होता. तांडेलाचं एक वाक्य खोटं निघालं, म्हणजे बाकीचीही खोटीच. जनरेटरचं वाक्य मी त्याच्या जबाबात घेतलंच नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला पाठ होतं. पण माणूस एकदा बोलला की साक्षीदार कुठं शोधायचे ते कळतं, असं आम्ही समजायचो. त्याला हात लावायचा नव्हता. तसा तो मोडलाही नसता. मी दुसरा मार्ग घेतला. त्याच्या बायकोला बोलावलं.

तिला बाकावर बसवलं, चहा मागवला. नवऱ्याला समोर उभं केलं. मग म्हणालो, "तुझा भाऊ ह्याच्या दारूपायी गेला. आमच्याकडं पुरावा आहे. तुझ्यापुढं तरी खरं बोलेल म्हणून तुला बोलावलंय."

पुरावा नव्हता. खबऱ्याचा शब्द होता.

ती नवऱ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे बघत होती. "साहेब बोलतात ते खरं?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "नाय." एकदाच. पुढं काही बोलला नाही. रडला असता, तिच्या पाया पडला असता, तर कदाचित मीच विचारात पडलो असतो. चहा तसाच ठेवून ती उठली आणि नवऱ्याच्या घरी न जाता वर्सोव्याला आईकडे गेली.

कबुली मिळाली नाही. आरोपपत्र तयार करायचं म्हणून मी एकदोन किरकोळ जबाबांसाठी पुन्हा हॉटेलवर गेलो. मॅनेजर बाहेर गेला होता. वाट बघत अंगणात उभा होतो. जनरेटर बंद होता आणि हॉटेलचा इलेक्ट्रिशियन त्याचं झाकण उघडून बसला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला लाल रंगात एका मंडप डेकोरेटरचं नाव रंगवलेलं होतं, मालाडचा पत्ता आणि खाली 'भाड्याने मिळेल'.

मी इलेक्ट्रिशियनला सहज विचारावं तसं विचारलं, हा भाड्याचा का? तो म्हणाला, "मग? आपला गेला ना पाण्यात. तुम्हाला ठाऊक नाय?"

तिथंच त्याचा जबाब घेतला. जनरेटर बोटीत चढवायला तो स्वतः होता. तांडेल जुनी बोट काढत होता. मॅनेजरनं नवी काढायला लावली, कारण तिचा डेक सपाट, सामान ठेवायला सोपी. तांडेल म्हणाला, निदान मध्ये ठेवू. मॅनेजर म्हणाला, मधल्या गाद्यांना तेल लागेल, पुढं बांधा. मालाडला जाऊन डेकोरेटरकडे खात्री केली. भाड्याचा जनरेटर अपघाताच्या संध्याकाळी हॉटेलवर पोचला होता. खबऱ्यालाही उचलला. हॉटेलच्या बारमध्ये फुकट पाजून मॅनेजरनंच त्याच्या कानात ती गोष्ट घातली होती.

एवढ्यानं तांडेल सुटत नव्हता. वजन पुढं होतं म्हणून बोट उलटली, की वेगानं उलटली? मॅनेजरचा वकील हेच विचारणार होता. मी ठरवलं, समुद्रालाच विचारायचं. कोर्टाची परवानगी काढून मुद्देमालातली नवी बोट दुरुस्त करून घेतली, हॉटेलची जुनी बोट मागवली. चालवायला सरकारी लाँचवरचा सारंग आला. सोबतीला कोळ्यांची एक मोठी होडी, सगळ्यांच्या अंगात जॅकेटं. पंच म्हणून ठाण्यासमोरचा शिंपी आणि रेशन दुकानदार. शिंपी आमचा नेहमीचा पंच होता. बोटीत पाय ठेवताना म्हणाला, "साहेब, चोरीच्या पंचनाम्याला कधीपण हाक मारा. पाण्यातला कायदा आपल्याला झेपायचा नाय."

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर निघतं आणि समुद्राची लाट आत येते, तिथं दोघांची गाठ पडून लाटा उभ्या राहतात. अपघाताच्या वेळी ओहोटीच होती. आम्हीही ओहोटीच धरली.

आधी वजन न घेता बाहेर निघालो, लाटांना तोंड देत. जुनी बोट प्रत्येक लाट कापत होती, पण या कुशीवरून त्या कुशीवर अशी लोळत होती, की दोन्ही पंचांनी सकाळचं पोटातलं सगळं समुद्राला दिलं. नवीत बसलो तर आश्चर्य वाटलं. लहान लाटांवरून ती सपाट सरकत होती. लाट मोठी आली की मधल्या पोकळीत पाणी आदळून ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा, हाडं हलायची, पण कलत नव्हती. सारंग खूश होऊन म्हणाला, "झकास बोट आहे. मला दिली तर मी हीच घेईन." तेवढ्यावर पंचनामा संपवला असता तर तांडेल दोषी ठरला असता. शिंपी तर हात जोडून म्हणत होता, संपवा.

मी नाही म्हणालो. किनाऱ्यावरून वाळूची पोती भरून घेतली, त्या जनरेटरच्या वजनाएवढी, आणि पुढं बांधली. पंचांना सोबतच्या होडीत बसवलं. मग सारंगला सांगितलं, आता बाहेरून आत घे. हळूच.

जुनी पहिली. मागून लाट आली तसा तिचा मागचा भाग उचलला गेला, बोट एका अंगाला वळली. पण तिचा पुढचा भाग रुंद आणि फुगीर. तो पाण्यात थोडा दबला आणि पुन्हा वर आला. सारंगनं तिला शिव्या घालत सरळ केली.

नंतर नवी. दोन-तीन लाटा काहीच झालं नाही, तशीच टेबलासारखी. मग एक लाट मागून आली. बोट तिच्या उतारावरून घसरली आणि समोरच्या लाटेत दोन्ही टोकं सुऱ्यासारखी घुसली. अरुंद टोकांना वर उचलणारं खाली काही नव्हतंच. ती वर आली नाहीत. हिरवं पाणी डेकवरून माझ्या छातीपर्यंत आलं. सारंगनं कुऱ्हाडीनं पोत्यांचा दोर तोडला, पोती गेली, बोट वर आली. सगळं एका श्वासात. हलण्याची, कलण्याची आधी काही खूणच नव्हती. किनाऱ्याला लागल्यावर सारंग बराच वेळ विडी पेटवत होता. मग म्हणाला, "मी असतो तर मीही मेलो असतो, साहेब."

तांडेलाला, पुरावा नाही म्हणून, कलम १६९ खाली मोकळं केलं. मॅनेजरवर आरोपपत्र गेलं, त्याला शिक्षा झाली, नोकरी सुटली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

सुटला त्या दिवशी तांडेल माझ्या टेबलाशी आला. माझ्यावर त्याचा राग दिसला नाही. तसं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायचंच नाही. म्हणाला, "साहेब, हे तिला तुम्ही सांगा. मी सांगून उपयोग नाय. तुमच्या तोंडून गेलंय."

मी म्हणालो, कोर्टाचा कागद मिळेल, तो दाखव. तो मान हलवून गेला. धक्क्याजवळचं तिच्या आईचं घर ठाण्यापासून चालत जाण्यासारखं होतं. मी गेलो नाही. त्या बाईपुढं उभं राहून 'पुरावा नव्हता' असं म्हणायची माझी तयारी नव्हती. पुढं बदली झाली, घाटकोपर, मुलुंड. वर्षं गेली.

निवृत्तीनंतर एका सकाळी वर्सोव्याला गेलो. घर विचारत विचारत पोचलो. पायरीवर एक म्हातारा बशीत चहा ओतून पीत बसला होता. त्यानं मला लगेच ओळखलं, मी त्याला उशिरा. आतून बाई बाहेर आली. मी तयार करून आणलेली वाक्यं सुरू केली, तर तिनं हातानं थांबवलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या साली गावच्या होडीच्या जाळ्यात तो जनरेटर अडकला. ओढून आणला तेव्हा सगळ्यांनी बघितला. मी ह्याच्याकडं परत गेले. आईला बघायला रोज दोघं येतो." मग पायरीवरच्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पण आई मानत नाय. लोखंड कुणाचंही असेल बोलते. साहेबानं तोंडानं सांगितलं होतं, साहेब येऊन सांगेल तेव्हा बघू बोलते. तवापासून हा इथंच चहा पितो. आत घेत नाय ती."

मी चपला काढल्या.

"आत या," ती म्हणाली. "तिला ऐकायला येत नाय. मोठ्यानं सांगावं लागेल."

आयुष्यभर मी हळू बोलणारा माणूस. आरोपीसमोरही आवाज चढवला नाही, त्याचाच मला अभिमान होता. आत खाटेवर एक वाळलेली म्हातारी बसली होती, मागं भिंतीवर पोराचा फोटो आणि छोटा क्रूस. मी सांगितलं. तिनं कानामागं हात धरला. पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं. शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी मी ओरडलो. तुमचा जावई प्यायला नव्हता, मी खोटं बोललो होतो, माझ्याकडं पुरावा नव्हता. गल्लीतलं बोलणं थांबलेलं मला कळत होतं.

म्हातारीनं विचारलं, "केवढा होता तो जनरेटर?"

मी दोन्ही हात पसरून दाखवला. तेवढं अंतर ती बराच वेळ बघत राहिली. हात दुखायला लागले तरी मी खाली घेतले नाहीत. ती बघत होती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर बोटींपुरतं सांगता येतं. जी डोलते ती घाबरवते, पण तिच्यात माणूस सावध बसतो. जी हलतच नाही तिच्यावर आपण डोळे मिटून भरवसा टाकतो. माणसांच्या बाबतीत मी नेमकी उलटी चूक केली. जो डोलला, रडला, त्याच्यावर विश्वास टाकला, आणि जो स्थिर उभा होता त्याला गुन्हेगार ठरवलं.

म्हातारीनं शेवटी मान वळवली. लेक माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. दाराबाहेरच्या पायरीकडे बघून म्हातारी तिला म्हणाली, "कप एकच का आणलास? त्याचा पण आत आण."