पाहुण्यांसाठी लावलेले ब्रेक

आमच्या घरात विश्वास ठेवण्याआधी वजन करतात. दोन किलो साखर घरी आली तरी आई ती आधी काट्यावर ठेवते, आणि दुकान आमचंच आहे. अप्पांना कुणाचं बोलणं फोनवर अगदी पटलं, तरी ते लगेच दुसऱ्या कुणाला फोन लावून तेच पुन्हा विचारतात. अशा घरात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा मुलांपेक्षा त्यांची चौकशीच जास्त व्हायची.

लातूरचं स्थळ मामानं आणलं. "घरची डाळ मिल हाय, पोरगाच बघतो. क्रिकेटचा लई नाद हाय त्याला," मामा म्हणाला. आम्ही आमच्याकडचं सांगितलं: मुलगी नांदेडच्या कॉलेजात संगणक शिकवते, संध्याकाळी संगणकावर रेसची गाडी चालवते, स्टिअरिंग आणि पेडल लावून, आणि लग्नानंतर ते बंद करणार नाही. हे शेवटचं वाक्य मी मामाकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

चार दिवसांनी मामाचा पुन्हा फोन. "अगं, पोरगा बी तेच खेळतोय म्हणं."

"आधी क्रिकेट होतं ना, मामा?"

"ते बी हाय, हे बी हाय."

माझे कान टवकारले. याआधी एका मुलाला माझं सगळं असंच आवडलं होतं, ते चहा संपेपर्यंत. कप खाली ठेवून त्यानं विचारलं होतं की हे सगळं सामान नंतर कुणाला देणार. शिवाय ऑनलाइन शर्यतीत मी कधी पुढे आले की कुणी ना कुणी हमखास लिहायचं, गाडी हिचा भाऊ चालवत असणार. मला भाऊच नाही. आपण करतो ते आपणच करतो, हे लोकांना पटवत बसण्याचा मला मनापासून संताप येतो. म्हणून लातूरकरांना मी तपासूनच घ्यायचं ठरवलं.

आमच्या खेळात गाडीच्या ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देता येतो. पुढे जास्त दिला तर गाडी सरळ थांबते, पण वळायला कुरकुरते. मागे जास्त दिला तर चटकन वळते, पण ब्रेक जरा जोरात लागला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. माझी वाटणी पुढे छप्पन, मागे चव्वेचाळीस. ती जमवायला मला अख्खा पावसाळा लागला होता आणि मी ती कुणालाही सांगत नसे. पाहुणे यायच्या सकाळी, आई पोह्यांना फोडणी देत असताना, मी पुढचा आकडा अठ्ठेचाळीसवर आणून ठेवला. खरंच खेळणारा असेल तर सावरेल, नसेल तर पितळ उघडं पडेल.

पोहे झाले, चहा झाला. मोठ्यांनी मुलाला आणि मला बोलायला माझ्या खोलीत पाठवलं, अर्थात दार उघडं ठेवून. टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग, खाली पेडल, आणि पेडल घसरू नये म्हणून त्यामागे टेकवलेला आईचा जुना पाटा, हे सगळं त्यानं नीट बघितलं. पाट्याकडे बघून तो हसला. "मी डाळीचं पोतं ठेवतो," म्हणाला. हे ऐकूनही माझा संशय गेला नाही. पोत्याचं कुणीही सांगेल.

"चालवा ना," मी म्हटलं.

पहिल्याच वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली. दारात उभी असलेली त्याची आत्या म्हणाली, "पाडली का रे पोरीची गाडी?" त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि जाता जाता, खाली न बघता, अंगठ्यानं स्टिअरिंगवरचं बटण टकटक दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा चढत चढत साठवर थांबला. पुढचं वळण त्यानं शांतपणे घेतलं.

म्हणजे खेळत होता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडलासुद्धा. उठण्याआधी त्यानं आकडा परत अठ्ठेचाळीसवर नेला. "तुमची सेटिंग हाय, तशीच ठेवली," म्हणाला. मी नुसती मान हलवली.

आठवडा गेला, लातूरहून निरोप नाही. अप्पांनी त्यांच्या ओळखीच्या एका आडत्याला फोन लावला, मग दुसऱ्याला. शेवटी मामाच बोलला, तोही अडखळत. "पोराचं म्हणणं हाय, पोरगी ते चालवत न्हाई. नुसतं मांडून ठेवलंय. तशा ब्रेकवर कुणाच्यानं गाडी चालत न्हाई म्हणतो."

मी जाम भडकले. मग राग कुणावर काढावा तेच कळेना. जे वाक्य ऐकून माझं डोकं फिरायचं, ते या वेळी मीच त्याच्या तोंडी घातलं होतं. त्यानं तर माझी गाडी पाहून अगदी बरोबर निष्कर्ष काढला होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि कदाचित जास्त तिखट.

अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला फोन माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मी बी तेच करायलोय की इतके दिवस, त्याला सोडून दुसऱ्यालाच इचारायलोय. लाव फोन त्याला. तूच बोल."

मी फोन लावला आणि सरळ सांगितलं. "ती सेटिंग माझी नव्हती. तुम्हाला पकडायला लावली होती. आधी क्रिकेट, मग एकदम हे, म्हणून शंका आली."

तिकडं मिलचा आवाज येत होता. तो जरा बाजूला गेला असावा. "घरात या खेळाचं सांगायची लाज वाटायची, म्हणून क्रिकेट सांगायचो," तो म्हणाला. "तुम्ही उघड सांगितलं, मग मी बी सांगितलं." पुढं त्यानंच विचारलं, "मग तुमची खरी किती हाय?"

इतके दिवस कुणाला न सांगितलेला आकडा मी सांगून टाकला. "पुढे छप्पन. आणि तुमची?"

हे मी सहज विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा अंगठा कुठं थांबला ते मी बघितलं होतं, आणि मी बघितलंय हे त्याला दाखवलं नव्हतं. छप्पन ऐकून त्याला सत्तावन्न म्हणता आलं असतं, किंवा मला खूश करायला छप्पनच.

"साठ," तो म्हणाला. "मी भितो जरा."

मी फोन न ठेवताच आईला हाक मारली आणि मामाला हो कळवायला सांगितलं.