एक्केचाळीस दिवसांचं पाणी

विज्ञानकथांचे चाहते हा एक पंथ आहे आणि इतर पंथांपेक्षा तो काडीचाही शहाणा नाही. हे मी बाहेरून म्हणत नाही. पंचवीस वर्षं त्याच पंथात काढली आहेत. वडिलांच्या किराणा दुकानात, पोत्यांच्या आडोशाला बसून मी परग्रहांवरच्या गोष्टी वाचल्या. घरात कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय चहा मिळायचा नाही. मी पट्टे ओढायचो, चहा प्यायचो आणि या सगळ्यांपेक्षा आपण वेगळे असं मनातल्या मनात समजायचो. गाढवच होतो.

पुढे मोबाइल आला आणि पुण्याच्या चाहत्यांनी मला त्यांच्या गटात घेतलं. सोवळंओवळं काय असतं ते मला तिथं कळलं. कथेत गणित असलं की ती शुद्ध, भूत आलं की बाटली. एकदा त्यांच्या संमेलनाला गेलो, तर वारलेल्या एका लेखकाची खुर्ची कोपऱ्यात मांडलेली. तिच्यावर कुणी बसायचं नाही. चांगले शिकलेले लोक तिच्या हाताला हात लावून फोटो काढत होते. मी नांदूरघाटजवळच्या खेड्यातला आहे म्हटल्यावर एका बाईंनी विचारलं, "अय्या, तिकडे कुणाला हे आवडतं?" मी म्हणालो, "एकीला आवडतं." त्यांना तो विनोद वाटला.

ती एक म्हणजे माझी काकू. तिला लिहायला-वाचायला येत नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती तांदूळ निवडायला येऊन बसायची आणि मी वाचलेली गोष्ट तिला सांगायचो. गोष्ट संपली की विचारायची, "खरं का खोटं?" मी म्हणायचो, "खोटं." मग मांडीवर थाप मारून हसायची, "लई झ्याक खोटं हाय!" गोष्ट म्हणजे काय असतं हे त्या खुर्चीवाल्यांपेक्षा तिला जास्त कळत होतं. पंचवीस वर्षांत मला मिळालेली खरी वाचक ती एकटीच.

दोन वर्षांपूर्वी गटाच्या दिवाळी अंकासाठी मी एक कथा लिहिली. आमच्या गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे आणि त्याच्या पुढ्यात बारव, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी जुनी विहीर. मेंढपाळ तिथं मेंढरं पाण्यावर आणतात, त्यामुळे पाण्याला कायम लेंड्यांचा वास. माझ्या कथेत त्या बारवेच्या तळाशी आकाशातून आलेल्यांचं एक यंत्र असतं. ते पाणी पिणाऱ्याचं शरीर दुरुस्त होत जातं आणि एक्केचाळिसाव्या दिवशी तो माणूस माणूस राहतच नाही, त्यांच्यातला एक होतो. भीतीची कथा होती ती. शेवटी गंमत म्हणून मी पोथीला असते तशी फलश्रुती जोडली: 'जो अनशापोटी एक्केचाळीस दिवस हे जल प्राशन करील, त्याची कुडी नवी होईल, व्याधी हरपेल.'

पोथ्या ऐकत वाढलेल्या माणसानं ही चूक करायला नको होती. आमच्याकडे पोथीची कथा ऐकताना निम्मे लोक पेंगतात. फलश्रुती आली की सगळे सावरून बसतात, कारण काय केलं म्हणजे काय मिळेल ते तिथं सांगितलेलं असतं. माझ्या कथेचंही तेच झालं. कुणीतरी कथा कापून टाकली आणि शेवटच्या तेवढ्या ओळी, वर आमच्या महादेवाच्या पिंडीचा फोटो आणि गावाचं नाव लावून, पुढे पाठवल्या. पुढच्या श्रावणात बारवेवर कॅन घेऊन रांग लागली. पार तलवाड्याहून लोक येत होते.

मी देवस्थान समितीच्या अध्यक्षाकडे गेलो. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, बेरजा माझ्या पाहून लिहायचा. देवळात दहा-बारा माणसं होती. सगळ्यांसमोर मी ओरडून सांगितलं, की हे मी लिहिलंय, हे खोटं आहे, यात मेंढरांची घाण आहे.

"तू लिव्हलंस बे?" त्यानं हात जोडले. "मंग तर लईच झालं. देवानं तुज्याकडून लिवून घेतलं."

"देव नाही बे, मी! डोक्यातून काढलं!"

"पर डोक्यात कुणी घातलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मानांचा मला आजही राग येतो.

घरी आलो तर काकू चुलीपाशी तेच पाणी पीत होती. तिला शुगर आहे. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, कडेनं काळी पडत चाललेली. गोळ्या चुकवल्या तर पाय कापावा लागेल, असं केजच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ही बाई बारा दिवसांपासून गोळ्या बंद करून बसली होती. तिच्या सुनेनंच फोनवरचं वाचून दाखवलं होतं.

मी तिच्यापुढे बसलो. "काकू, ते मी लिहिलंय. दुकानात सांगायचो तसलीच गोष्ट आहे. खोटी."

ती हसली नाही. "ठाव हाय मला. तुजं बोलणं मी वळखत न्हाई व्हय?"

"मग पितेस कावून?"

"इतकी वर्सं समदं खोटंच सांगितलंस की रं. एक तर खरं निगू दे."

तिला सगळं कळत होतं आणि तरीही ती पीत होती, हे मला सहन होईना.

त्या संध्याकाळी मी गटावर सगळं लिहिलं. गटात तीन डॉक्टर आहेत. एकानं काकूला फोन करून समजवावं, एवढंच मागितलं. आधी हसणारे चेहरे आले. मग एकानं मला माझीच फलश्रुती पाठवून कळवलं, की ऊर्जेच्या स्रोताशिवाय असं यंत्र चालणार नाही. मग लोककथा कशा जन्मतात यावर मी ऑनलाइन बोलावं, असा आग्रह झाला. डॉक्टरांपैकी एकानं लिहिलं, 'गावाकडच्यांना समजावणं कठीणच.' फोन कुणीही केला नाही. खुर्चीच्या हाताला हात लावायला मात्र सगळ्यांना वेळ होता.

मग मी ते केलं जे मी जन्मात केलं नसतं. त्याच भाषेत आणखी दोन ओळी लिहिल्या: 'जल प्राशन करण्याआधी वैद्याने दिलेली गुटी घ्यावी. जो न घेईल, त्यास हे जल बाधेल.' श्रावणी सोमवारी आंघोळ करून, भस्म लावून देवळात गेलो आणि पोथीचं पुढचं पान सुचलं म्हणून कागद अध्यक्षाच्या हातात दिला. त्यानं तो कपाळाला लावला आणि लगेच फोटो काढला. दुपारपर्यंत ते सगळीकडे पोहोचलं. सुनेनं काकूला वाचून दाखवलं आणि काकूनं गोळ्या सुरू केल्या. त्या गटातल्या कुणी हे पान पाहिलं असतं तर मला अंधश्रद्धेचा दलाल म्हटलं असतं. म्हणू देत. त्यांच्या बापाचं काय गेलं होतं?

अंगठा गेला. पाय राहिला. बीडच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या दिवशी मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा राहिलो. तिनं हात पुढे केला नाही.

"अंगठा कावून गेला, ठाव हाय का?"

"उशीर झाला म्हणून."

"न्हाई. तू देवळात जाऊन चारचौगांत खोटं हाय खोटं हाय म्हणून बोंबललास म्हणून. बारवेवर जा आन् पाच येळा नाक घास. तवर म्या गोळी घेनार न्हाई."

मी समजावलं, भांडलो, तांब्या आपटला. ती भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. दुपार गेली. डॉक्टरांनी एकही गोळी चुकवू नका म्हणून सांगितलं होतं.

शेवटी गेलो. बारवेवर कॅनवाल्यांची गर्दी होती आणि अध्यक्ष पायऱ्यांवर उभा राहून रांग लावत होता. मला पाहून त्यानं लोकांना बाजूला केलं, "ह्यानंच लिव्हलंय बरं का, वाट द्या." मी वरच्या पायरीवर गुडघे टेकले आणि नाक घासलं. एकदा नाही, पाच वेळा, कारण काकूनं तसं सांगितलं होतं. मागून कुणीतरी माझ्या पायाला हात लावला. फिरून त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

घरी येऊन सोललेलं नाक तिला दाखवलं. तिनं नीट निरखून पाहिलं आणि गोळी घेतली.