ठेच्याची माफी

शेजारी मिरच्या भाजल्या की मला मामाचं जठर आठवतं. दवाखान्यातल्या पडद्यावर मी ते पाहिलं: मालगाडी जाईल एवढा गुलाबी बोगदा आणि त्यात पांढरी जखम. मामा सगळा दोष मामीच्या ठेच्याला देई. तिनं खलबत्ता माळ्यावर टाकला, तरी मामाच्या पोटातली आग थांबेना. पोटात घातलेली दुर्बीण काढून डॉक्टरांनी मामाला विचारलं, "औषधं कोणती घेता?" "काईच नाई. गुडघ्याची गोळी तेवढी, सकाळी उपाशीपोटी." "तिनंच जखम केली. ती बंद करा." आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जखम भरली. मामानं ठेचा मागितला, तर मामी म्हणाली, "पहिले त्याची माफी मागा." मामानं ठेच्याच्या वाटीपुढे हात जोडले, मी पाहिलंय, तुम्ही हवं तर मानू नका.